श्रावणातल्या शुक्रवारचा पक्षादेश

१

राखी घोंगेचं नगरसेवकपद जाणार, ही बातमी बोरजईत नळावर फिरली, गिरणीवर फिरली, देवळाच्या ओट्यावर चघळून झाली आणि सगळ्यांत शेवटी राखीच्या दारी पोचली. आली ती कलेक्टर कचेरीची नोटीस होऊनच.

जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी बोरजई. तिथून एसटी बदलत राखी बुलढाण्याला आली, ती थेट पुष्पांजली सोनुने वकीलबाईंच्या दारात. पुष्पांजलीबाई हळू बोलणाऱ्या, शुक्रवारचं व्रत न चुकवणाऱ्या. कोर्टात आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता, पण त्यांनी शांतपणे विचारलेला प्रश्न लोकांना घरी गेल्यावरही आठवायचा.

त्यांनी नोटीस वाचली. नगराध्यक्षाच्या निवडीच्या वेळी राखीनं पक्षाच्या विरोधात हात वर केला होता. पक्षाचा गटनेता कुलदीप म्हसाळ यानं आधीच लेखी पक्षादेश काढला होता, की मत आपल्याच उमेदवाराला द्यायचं. तो मोडला म्हणून तिचं सदस्यत्व रद्द करा, असा त्याचा अर्ज.

"पक्षादेश मिळाला होता तुम्हाला?"

"नाही ताई. बैठकीत मी सगळ्याइच्या देखत सांगतलं होतं, लेखी आदेश आला तं गुमान पक्षाकडून हात वर करीन. नाही आला तं मनाचं ऐकीन. पक्षाचा तो उमेदवार आमच्या आठवडी बाजाराची जागा दुकानाले देऊन राह्यला होता. माह्या वार्डातल्या बाया तिथं भाजी घेऊन बसतात. आदेश आलाच नाही, म्हणून मी मनाचं ऐकलं."

"कुणी घरी आणून दिला नाही?"

"देवीची आन. त्या लिफाफ्याले माहं बोट लागलं नाही."

पुष्पांजलीबाईंनी अर्जाला जोडलेला फोटो तिच्यापुढे सरकवला. तारीख श्रावणातल्या शुक्रवारची, निवडीच्या आधीची. राखी स्वतःच्या दारात मान लववून उभी, कपाळाशी छपाईत उमटावा तसा तांबडा डाग, आणि तिच्या हातांवर पक्षाचं चिन्ह छापलेला पांढरा लिफाफा स्वच्छ दिसत होता.

"मग हा फोटो कुणाचा?"

राखीनं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"माहाच आहे," ती म्हणाली. "पण मी खोटं बोलले नाही ताई."

२

खोटं बोलणारी माणसं पुष्पांजलीबाईंनी पुष्कळ पाहिली होती. ती आधी फोटोलाच खोटं म्हणतात. ही म्हणाली नाही. त्यात काहीतरी होतं.

"पद गेलं तर काय जाईल तुमचं?" त्यांनी विचारलं. अशिलाला त्या हे नेहमी विचारायच्या.

राखी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "नवरा गेल्यापासून लग्नात, बारशात, कुठंबी गेली की कोणी ना कोणी हळूच म्हणते, राखी, जराशी मांगं सरक. वाईट मनानं नाही म्हणत. म्हणतात. सभागृहात माह्या नावाची पाटी आहे ताई. तिथं मले कोणी मांगं सरक म्हणत नाही."

पुढच्याच शुक्रवारी बाई बोरजईला गेल्या.

घरात सासू जनकाबाई आणि दीर गोविंदा. लिफाफा राखीच्या हातांवर आला असेल आणि तरी तिनं तो पाहिला नसेल, तर या दोघांपैकी कुणीतरी तो मधेच काढून दडवला असणार. सरळ हिशेब होता.

गोविंदा उंबऱ्यात बसून बूट पुसत होता. तिकीट आपल्याला मिळेल अशी त्याची आस होती, वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला आणि वहिनीचं नाव लागलं, हे बाईंना राखीनंच सांगितलं होतं.

"माह्यावर नका येऊ वकीलताई," तो म्हणाला. "त्या दिवशी मी जळगावले बैलाच्या बाजारात होतो. अख्ख्या गावानं पाह्यलं, बैल घ्याले गेलो न् छत्री हरवून आलो."

"हाव, आणि छत्री माही होती," आतून जनकाबाईचा आवाज आला.

जनकाबाई बाहेर आल्या. कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. "मी देवळात होती, भजनाले. श्रावणाचा शुक्रवार मी नाही सोडत. मी काऊन लपवू कागद? मले वाचता येते का? पण एक सांगते बाई तुमाले. माही सून गरीब आहे, लबाड नाही, असं मी आजवर छातीवर हात ठेवून सांगत होती. आता नाही सांगत."

"का?"

"त्या सांजेपासून ती आपल्या पेटीले कुलूप लावते. सात वर्सं झाली माहा पोरगा जाऊन, या घरात पेटीले कुलूप नव्हतं. किल्ली गळ्यात घालून निजते."

आतल्या खोलीत राखी उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं तसा तिचा हात नकळत गळ्याशी गेला.

"पेटीत काय आहे, राखी?"

"ते या कामाचं नाही ताई," ती म्हणाली. "फाशी द्या, पण ते नका विचारू."

३

लिफाफा दिल्याचा साक्षीदार म्हणून अर्जावर फारुख मणियारची सही होती. फारुखही त्याच पक्षाचा नगरसेवक. बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. बाई गेल्या तेव्हा तो एका नव्या नवरीच्या हातात बांगड्या चढवत होता. नवरी डोळे मिटून ओठ चावत होती, आणि तो म्हणत होता, "बस बेटा, झालं. सासूकडं पाहून घाबरू नको, मी आहे ना."

नवरी गेल्यावर त्यानं गल्ल्यामागचं स्टूल पुढे ओढलं.

"लिफाफा दिला, ते तुम्ही पाहिलं?"

"पाह्यलं म्हणजे..." तो कानामागं खाजवू लागला. "मी गल्लीच्या तोंडाशी होतो, निंबाखाली. कुलदीपभाऊ थोडा पुढं, मोबाईल घेऊन. दारापर्यंत कांचनभाभीच गेली."

कांचन ही कुलदीपची बायको.

"भाऊ म्हणे, बाईमाणसाच्या घरी जायचं तं बाई पाह्यजे. बरोबर बी होतं."

"मग?"

"मग काय. भाभीनं चपला काढल्या. राखीताई दारात आली, तिनं बी काढल्या. राखीताई भाभीच्या पाया पडली. रडून राह्यली होती, खरं सांगतो. मी तोंड फिरवलं. बाईमाणूस रडते तं आपण काय पाहायचं? भाऊनं आवाज दिला, चला, झालं. मी सही केली."

"फारुखभाई, पक्षाचा हुकूम द्यायला कुणी चपला काढून जातं?"

"मले बी तेच खटकलं. पण तुमच्यात काय काय सोवळं असते, म्हणून बोललो नाही."

"आणखी एक. तिच्या मतानं उमेदवार पडला?"

"नाही ना! आम्ही दहा, ते सात. ताई तिकडं गेली तरी आम्हीच जिंकलो. मी म्हणलो भाऊले, माफ करून टाक, पक्षाले माफ करता येते पंधरा दिवसाच्या आत. तं म्हणे, दिवस जाऊ दे, मग पाहू." फारुखनं मान खाली घातली. "दिवस गेले. तेव्हा समजलं मले, त्याले माफच करायचं नव्हतं."

एका मतानं पक्षाचं काहीच बिघडलं नव्हतं. मग राखी कुणाला नको होती?

४

कुलदीप म्हसाळनं बाईंना मानानं आत बसवलं. माणूस देखणा, बोलणं साजूक.

"वकीलबाई, तुम्ही उगा एवढ्या लांब आल्या. फोटो आहे, साक्षीदार आहे. आम्ही सही खोटी केली असती तं तुम्ही पकडलं असतं. फोटो खोटा आहे का? सांगा ना."

"फोटो खरा आहे," बाई म्हणाल्या.

"मग झालं तं!"

कोपऱ्यात एक फ्लेक्स अर्धवट गुंडाळून ठेवलेला होता. त्यावर कांचनचा हात जोडलेला फोटो दिसत होता आणि खाली अक्षरं होती, प्रभाग पाचमधील समस्त माताभगिनींना दसऱ्याच्या शुभेच्छा. कुलदीपचं घर प्रभाग दोनमध्ये होतं. प्रभाग पाच राखीचा.

बाईंनी तिकडून नजर काढून घेतली. हेतू सापडला होता. राखीचं पद जाणार, पोटनिवडणूक लागणार, वॉर्ड बाईसाठी राखीव, आणि कांचन उभी राहणार. पण हेतूनं काय होतं? लिफाफा तर राखीच्याच हातांवर होता.

कांचन चहा घेऊन आली.

"शुक्रवार आहे माझा," बाईंनी हात जोडले. "पाणी घेईन."

कुलदीपला फोन आला, तो अंगणात गेला. बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, तेवढ्यात कांचन घाईघाईनं आतून आली. हातात कुंकवाचा करंडा आणि छोटा पितळी डबा.

"चहा नाही तं नाही. पण शुक्रवारची सवाष्ण रिकामी जाऊ नये घरातून. एवढं तरी घ्या."

बाईंनी चपला घातल्या होत्या त्या काढल्या. कांचननं कुंकू लावलं, डब्यातले ओंजळभर गहू घेतले. बाईंनी लहानपणापासूनच्या सवयीनं दोन्ही हातांवर पदर पसरला, मान लववली आणि देवीचं नाव घेत डोळे मिटले.

गहू पदरात पडले. आणि त्या मिटल्या डोळ्यांपुढे तो फोटो उभा राहिला.

हातांवर पसरलेला पदर. लववलेली मान. मिटलेले डोळे. अनवाणी पाय. आणि राखीच्या कपाळावर तो तांबडा डाग, जो आपण छपाईचा दोष समजलो.

बाईंनी डोळे उघडले. पदरातल्या गव्हांवरून बोट फिरवलं. एक खडा नव्हता, एक काडी नव्हती.

"सुरेख निवडलेत," त्या हळूच म्हणाल्या. "ओटीसाठी वेगळे ठेवता?"

"हाव, ओटीचे मी हातानं निवडते. खडा जाऊ नये कोणाच्या..."

कांचन बोलता बोलता थांबली. बाईंच्या नजरेत तिला काय दिसलं कोण जाणे. करंडा तिच्या हातून सुटला आणि उंबऱ्यावर कुंकू सांडलं.

५

"राखी," बाई म्हणाल्या, "पेटीत ओटी आहे. हो ना?"

जनकाबाई भजनाला गेल्या होत्या, गोविंदा शेतात. राखीनं दार लोटून घेतलं, आणि मग ती जी रडली, ती पहिल्यांदा कुणीतरी ओळखल्यामुळे रडावं तशी.

"कांचनवहिनी आली होती ताई. म्हणे, आता सरकारनंच सांगतलं, विधवेले वेगळं वागवू नका. मी तुही ओटी भरते. सात वर्सं मले कोणी कुंकवाचं बोट लावलं नव्हतं. माह्या आईनं बी नाही. वहिनी म्हणे, डोळे मीट, देवीचं नाव घे. मी मिटले. पदरात काय काय पडलं, मी पाह्यलं नाही. पाहाचं सुचलंच नाही."

"आणि गाठ?"

"वहिनीनंच मारली पदराले. म्हणे, आता सोडू नको, नवरात्रात देवीपुढं सोडजो. आणि कोणाले सांगू नको, तुही सासू मले जगू नाही देणार. मी कुंकू पुसलं, लुगडं गाठीसकट पेटीत ठेवलं. सोमवारी हात वर केला."

बाईंच्या मनात सगळं एकापाठोपाठ एक जागेवर बसत गेलं. कुलदीपला पक्षादेश द्यायचाही होता आणि तिला कळूही द्यायचा नव्हता. हातात दिला असता तर राखी शब्दाची पक्की, तिनं पक्षाकडूनच हात वर केला असता. म्हणून आधी लिफाफा पदरात पडला, फोटो निघाला, आणि मग त्यावर खण, नारळ, गहू. ओटी परत करत नाहीत, चाचपून पाहत नाहीत, आणि विधवेची ओटी तर ती बिचारी कुणाला सांगतही नाही. बायकांच्या रीतीचा एवढा बारीक विचार कुलदीपला एकट्याला सुचला नसता.

"फोटो पाहून तुम्हाला कळलं होतं," बाई म्हणाल्या.

राखीनं मान हलवली. "लिफाफा खाली आहे, हे समजलं होतं. पण मी म्हटलं, लिफाफा असन, तरी वरची ओटी तं ओटीच असन ना ताई?"

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"कलेक्टरसाहेबांपुढे गाठ सोडावी लागेल. लिफाफा बंद आहे हे त्यांना दिसलं, की तुम्ही हुकूम वाचलाच नव्हता हे सिद्ध होईल. दुसरा पुरावा नाही."

"सुनावणी कधी?"

"पितृपक्षात."

राखी पेटीवर हात ठेवून बसून राहिली. पितृपक्षात कुणी ओटी सोडतं? पण तिनं ते विचारलं नाही. गळ्यातली किल्ली काढून तिनं बाईंच्या हातात दिली.

६

सुनावणीला कलेक्टर कचेरीच्या दालनात बोरजईची निम्मी नगरपंचायत हजर होती. जनकाबाईही आल्या होत्या, भिंतीला टेकून उभ्या. टेबलावर राखीचं हिरवं लुगडं, पदराला फुगीर गाठ.

कुलदीपच्या वकिलांनी आधीच पवित्रा घेतला. "साहेब, ही ओटी वगैरे नंतर रचलेली गोष्ट आहे. कांचनताईंनी लिफाफा दिला. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर नारळ ठेवला. नारळासोबत हाताला लागले ते चार दाणे. गाठीत बाकी जे निघेल, ते मागाहून घातलेलं. बस. बाई घरी नेऊन वाचू शकत होत्या, त्यांनी वाचला नाही, हा त्यांचा दोष."

कांचनला पुढे बोलावलं. कुलदीप तिच्याकडे पाहत होता.

"तुम्ही यांची ओटी भरली होती का?" साहेबांनी विचारलं.

कांचननं पदर डोक्यावर ओढला. "नाही जी. ओटी नव्हती ते. विधवेची ओटी मी कशाले भरू?"

मागून कुणीतरी खोकलं. राखीचे हात मांडीवर होते, ते तिनं आत दुमडून घेतले.

पुष्पांजलीबाईंनी गाठ सोडली. हिरवा खण निघाला, नारळ, हळकुंड, सुपारी. गव्हांची रास टेबलावर पसरली, आणि सगळ्यांच्या तळाशी लिफाफा. चिकटवलेला, न फोडलेला.

"साहेब, लिफाफा बंद आहे, हे आपण पाहताच आहात," बाई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता ही ओटी होती की नव्हती, एवढंच राहिलं. ओटी नसेल तर माझ्या अशिलानं लिफाफा उघडायला हवा होता. ओटी असेल, तर तो उघडता येऊ नये म्हणूनच तिच्याखाली घातला." त्यांनी मूठभर गहू उचलून पांढऱ्या कागदावर ओतले. "यात एक खडा दाखवा. एक काडी, एक किडका दाणा दाखवा."

दालनातल्या बायका पुढे वाकल्या. जनकाबाईसुद्धा.

"कांचनताई, कागद उडू नये म्हणून ठेवायचे गहू कुणी एकेक दाणा हातानं निवडून ठेवतं का?"

कांचननं त्या गव्हांकडे पाहिलं. मग राखीकडे. सगळ्या सुनावणीत पहिल्यांदाच.

"ओटीच होती," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की लिहून घेणाऱ्यानं मान वर केली. "यांनी सांगतलं, लिफाफा पदरात टाक, वरून ओटीचं नाटक कर. मी म्हटलं, नाटक काऊन? सात वर्सं ती दारात उभी राहून माह्या घरच्या हळदीकुंकवाले जाणाऱ्या बाया पाहते. भरायचीच आहे तं खरी भरते. आदल्या दिवशी गहू निवडत बसली मी. खण बी माह्या माहेरचा. लिफाफा... लिफाफा मीच टाकला. दोन्ही मीच केलं."

कुलदीप खुर्चीवरून उठला. साहेबांनी त्याला खाली बसायला सांगितलं.

जनकाबाई भिंतीपासून निघून राखीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

७

निकाल नवरात्राच्या तोंडावर लागला. पक्षादेश पोचल्याचं सिद्ध होत नाही, सबब अर्ज फेटाळण्यात येतो. राखीचं पद राहिलं. बाजाराची जागा वाचली की नाही ते पुढच्या सभेत ठरायचं होतं, पण त्या सभेत ती असणार होती.

निकालाची प्रत घ्यायला राखी बुलढाण्याला आली. बाईंनी पेढ्याचा पुडा पुढे केला. तिनं एक घेतला आणि हातातच धरून ठेवला.

"गावात काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"चांगलंच म्हणतात. फारुखभाऊनं हार घातला. सासूबाई पाटलीणबाईसंगं भांडून आल्या माह्यासाठी." ती जराशी हसली. ते हसू टिकलं नाही. "कांचनवहिनीले कुलदीपभाऊनं माहेरी पोचवलं, उंद्रीले. परत नेणार नाही म्हणते तो आता."

"ऐकलं मी."

"मी गेली होती उंद्रीले. दारात उभी राह्यली. तिची आई म्हणे, घरात नाही. पण चपला बाहेर होत्या तिच्या. मी हाक मारली, वहिनी, मी रागावली नाही. खोटंच बोलली मी. रागावली होती. पण आवाज ऐकून येईन, असं वाटलं. नाही आली."

खाली रस्त्यावरून एक एसटी भोंगा वाजवत गेली. पुष्पांजलीबाईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"ताई," राखी म्हणाली, "तुमी ते गहू साहेबापुढं ओतले ना, तेव्हा मी बी पाहत होती. मनात म्हणत होती, निघू दे खडा. एक तरी निघू दे. मी हरली असती तरी चाललं असतं."

"असं का म्हणता?"

"खोटी असती ना ती ओटी, तं बरं झालं असतं. मग मले तिचा पुरता राग तरी करता आला असता."